ऊस गोड लागला म्हणून...

गेल्या दिवाळीत चकल्या आणि शेव तळून झाल्यावर कढईत जवळजवळ लिटरभर तेल उरलं. इतकी वर्षं मी त्यात बाजारात मिळणारी घट्ट करायची पावडर घालून, त्याची वडी करून जळणाऱ्या कचऱ्यात टाकत आले होते. कोतो वॉर्डात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेक जणी हेच करतात. त्या दिवशी मात्र कचऱ्याच्या खोलीत आमच्या मजल्यावरच्या जपानी आजी भेटल्या. पिशवीत डोकावून म्हणाल्या, "अहो, तेल टाकू नका. बाटलीत भरून सुपरमार्केटात नेऊन द्या. त्याच्यावर आता विमान उडतं."

मला आधी थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. ओसाकाजवळ साकाई इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २०२५ सालापासून वापरलेल्या खाद्यतेलापासून विमानाचं इंधन बनू लागलं आहे. वर्षाला सुमारे तीन कोटी लिटर इतकी त्याची क्षमता. टोकियोतही काही दुकानांत आणि केंद्रांवर घरगुती तेल गोळा करतात. म्हणजे माझ्या चकल्यांचं तेल एखाद्या विमानात जाऊ शकतं! मी बाटली भरली, नेऊन दिली आणि घरी येऊन उगाचच खूश झाले.

ही गोष्ट आठवायचं कारण वेगळंच आहे. त्याआधी गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत उभी असताना पुढे गाड्यांच्या गप्पा रंगल्या होत्या. एक गृहस्थ अभिमानाने सांगत होते, "जपान अजून दहा टक्क्यांचा विचार करतोय, आणि आपण पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घालून मोकळे झालो! ज्यांना आपण तंत्रज्ञानाचे गुरू मानतो, त्यांच्या पुढे गेलो!" आजूबाजूच्या मंडळींनी माना डोलावल्या, दोघा-तिघांनी टाळ्याही दिल्या. मी काही बोलले नाही. हातात पानाचं ताट, समोर बाप्पा, तिथे वाद कशाला? पण माझं माहेर लातूरचं. त्या टाळ्या मला देता आल्या नाहीत. का देता आल्या नाहीत, ते लिहावं म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवातीलाच एक स्पष्ट करते. वनस्पतींपासून इंधन करण्याला माझा विरोध नाही. ती काही आजची टूमही नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. ब्राझीलने १९७५ साली, तेलाच्या किमती भडकल्यावर, उसाच्या अल्कोहोलवर गाड्या चालवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आपल्याकडे २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग तीन ठिकाणी झाले. त्यातली दोन ठिकाणं आपल्या महाराष्ट्रातली होती, मिरज आणि मनमाड. तिसरं उत्तर प्रदेशात. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं. मग बरीच वर्षं गाडी रखडत चालली. २०२२ च्या जूनमध्ये देश दहा टक्क्यांवर पोहोचला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. वीस टक्क्यांचं मूळ उद्दिष्ट २०३० चं होतं, म्हणजे पाच वर्षं आधीच ते गाठलं. हे साधं काम नाही, आणि त्यात पुण्याच्या अभियंत्यांचा आणि महाराष्ट्रातल्या कारखान्यांचा मोठा वाटा आहे. त्याचा अभिमान मलाही आहे.

फायदेही प्रामाणिकपणे मांडायला हवेत. भारत कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो. सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०१४-१५ पासून २०२५ च्या मध्यापर्यंत इथेनॉलमुळे सुमारे १ लाख ४४ हजार कोटी रुपयांचं परकीय चलन वाचलं. साखरेचे भाव पडले की कारखान्यांकडे शेतकऱ्यांची बिलं थकायची. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात, त्यामुळे ती थकबाकी बरीच कमी झाली. नीती आयोगाच्या अभ्यासाचा हवाला देऊन सरकार असंही सांगतं, की उसाच्या इथेनॉलमुळे पेट्रोलच्या तुलनेत हरितगृह वायू ६५ टक्क्यांनी कमी होतात आणि मक्याच्या इथेनॉलमुळे ५० टक्क्यांनी. हे सगळं मला मान्य आहे.

मग अडलं कुठे? अडलं पाण्यापाशी.

नीती आयोगाने जून २०२१ मध्ये वीस टक्के मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातच एक आकडा आहे. तो कुणा विरोधकाचा नाही, सरकारचाच आहे. एक टन उसापासून सरासरी १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल मिळतं, आणि उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. चाळीस लिटरची टाकी वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने भरली, की तिच्यात आठ लिटर इथेनॉल जातं. आठ गुणिले २,८६०, म्हणजे २२,८८० लिटर पाणी. आमच्या लातुरात एका कुटुंबाला दोन-तीन महिने पुरेल इतकं.

आता मिरजेकडे परत या. जिथे २००१ साली इथेनॉलचा प्रयोग झाला, त्याच मिरजेतून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदीचा १४४ कलमाचा हुकूम काढावा लागला होता. आई फोनवर सांगायची, "नळ कधी येईल ते कुणाला ठाऊक, टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन पळते." १२ एप्रिलला पहिली 'जलदूत' गाडी आली, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. आम्ही इथे टोकियोत टीव्हीवर ती गाडी पाहिली आणि डोळ्यांत पाणी आलं. साऱ्या देशाने त्या गाडीचं कौतुक केलं.

त्या पन्नास वाघिणींच्या गाडीचा हिशेब करा. पंचवीस लाख भागिले २,८६०. उत्तर येतं ८७४. म्हणजे ज्या गाडीकडे लाखो माणसं डोळे लावून बसली होती, तिच्या एका अख्ख्या खेपेतल्या पाण्यात उसाचं ८७४ लिटर इथेनॉल होतं. त्यात चाळीस लिटरच्या १०९ गाड्यांच्या टाक्या एकदा भरतील. आपल्या ओजिमातल्या एखाद्या मोठ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये याहून जास्त गाड्या उभ्या असतात!

यावर जाणकार लगेच म्हणतील, हा हिशेब सरसकट लागू होत नाही. बरोबर आहे. साखर करून झाल्यावर जी मळी उरते, तिच्यापासून इथेनॉल केलं तर पाण्याचा भार साखरेच्या खात्यावर आधीच पडलेला असतो. ती मळी फुकट घालवण्यापेक्षा तिचं इंधन करणं शहाणपणाचंच आहे. कोल्हापूरकडे पाऊस आणि नद्यांना पाणी, तिथला हिशेब आणि लातूर-धाराशिवचा हिशेब एक नाही, हेही खरं. पण शेवटच्या मळीवर वीस टक्क्यांचं गणित सुटत नाही. म्हणून मग साखर अर्धवट काढलेली, म्हणजे 'बी हेवी' मळी घ्यायची, आणि त्याही पुढे जाऊन थेट उसाच्या रसाचंच इथेनॉल करायचं. दरही तसेच ठरवलेले. २०२४-२५ मध्ये शेवटच्या मळीच्या इथेनॉलला लिटरमागे ५७ रुपये ९७ पैसे, तर थेट रसाच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे. उरलेल्या मळीपेक्षा ताज्या रसाला जास्त भाव. मग कारखाना काय करेल, ते सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

आणि पाऊस ओढ देतो तेव्हा काय होतं, तेही पाहिलं आहे. २०२३ साली पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली, आणि ७ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदीच घातली. आठवड्याभरात ती थोडी सैल केली आणि नोव्हेंबर २०२४ पासून उठवली. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून इथेनॉलचे प्रकल्प उभारले, त्यांची त्या हंगामात काय अवस्था झाली असेल? ज्या इंधनाचा नळ एका कोरड्या हंगामात बंद होतो, त्याला ऊर्जेचं स्वावलंबन म्हणायचं का?

इथे मला माझ्या दादाचं बोलणं सांगायलाच हवं. तो औसा तालुक्यात शेती करतो आणि त्याचा तीन एकर ऊस आहे. मी फोनवर हा हिशेब ऐकवला तेव्हा तो म्हणाला, "तुला काय जातंय सांगायला? तू तिथं बुलेट ट्रेनमधी बसून आम्हाला पाण्याचं गणित शिकवू नको. सोयाबीन घातलं तर भाव नाही, तूर घातली तर पाऊस नाही. उसाला निदान ठरलेला भाव तरी मिळतो."

मी गप्प झाले, कारण तो खोटं बोलत नव्हता. उसाला केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ३५५ रुपये आहे, आणि कारखान्याला तो कायद्याने द्यावा लागतो. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी ४,८९२ रुपये होता, पण बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या परदेशस्थांपैकी मी एक आहे, हा दादाचा टोमणा मला मान्य आहे. पण त्याच्या बोलण्यातच माझं उत्तर आहे. दादा ऊस लावतो तो उसावर प्रेम आहे म्हणून नाही. दुसऱ्या कुठल्या पिकाला भावाची खात्री नाही म्हणून लावतो. कृषी खर्च आणि मूल्य आयोगाने नोंदवलं होतं, की महाराष्ट्रात एकूण पिकांच्या चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी पितो. उरलेल्या शहाण्णव टक्के रानाला तीस टक्के पाणी. आता त्याच उसाला पेट्रोल पंपाचं कायमचं गिऱ्हाईक मिळवून दिल्यावर हे प्रमाण सुधारेल का बिघडेल? राज्य सरकारने जुलै २०१७ मध्ये उसाला ठिबक सिंचन सक्तीचं करायचा निर्णय घेतला, पण अंमलबजावणी रेंगाळली. इथेनॉलची उद्दिष्टं पाच वर्षं आधी पुरी होतात आणि ठिबकची रेंगाळतात, यातच आपल्या मनातलं खरं प्राधान्य दिसतं.

"अहो, आता ऊस कुठे, आता तर मका आणि तांदूळ!" असंही सांगतात. तेही खरं आहे. अलीकडे देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यापासून होतं आणि त्यात मका सर्वांत पुढे आहे. पण त्यातून काय झालं? एके काळी मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणू लागला. कोंबड्यांचं खाद्य महागलं. म्हणजे खनिज तेल आणायचं वाचवलं आणि मका आणला. धान्यापासून इथेनॉल केल्यावर उरणारा चोथा जनावरांच्या खाद्यासाठी स्वस्तात बाजारात आला आणि त्याने सोयाबीनच्या पेंडीचा भाव पाडायला हातभार लावला. सोयाबीन कोणाचं? लातूरचं, विदर्भाचं. एका शेतकऱ्याला ऊर्जादाता करताना दुसऱ्याच्या ताटातली भाकरी अशी अलगद उचलली जाते, आणि ती कोणी उचलली हेही कळत नाही. तांदळाचं तर विचारूच नका. २०२४-२५ मध्ये भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातला ५२ लाख टनांपर्यंत तांदूळ इथेनॉलसाठी २२ रुपये ५० पैसे किलोने द्यायची मुभा दिली गेली. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२३ ते सप्टेंबर २०२४, हाच देश साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद करून बसला होता.

इथल्या वाचकांना तांदळाचं महत्त्व मी काय सांगणार? २०२५ च्या वसंतात पाच किलो तांदळाचा भाव चार हजार येनच्या वर गेला, वर्षापूर्वीच्या दुप्पट. सरकारला राखीव साठ्यातला तांदूळ बाजारात आणावा लागला. आपण सगळ्या त्या रिकाम्या फळ्यांसमोर उभ्या राहिलो आहोत. याच जपानात २००९ साली निइगातामध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी संघाने खास पिकवलेल्या तांदळापासून इथेनॉल करून पेट्रोलमध्ये मिसळून विकलं होतं. खर्च परवडेना म्हणून काही वर्षांत तो कारभार आटोपला. बरं झालं म्हणायचं!

गाडीवाल्यांचाही एक शब्द ऐकायला हवा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्याच आराखड्यात म्हटलं आहे, की जुन्या बनावटीच्या चारचाकीचं मायलेज वीस टक्के मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी आणि दुचाकीचं तीन-चार टक्क्यांनी घटू शकतं, आणि म्हणून असं पेट्रोल स्वस्त विकावं. मिश्रण आलं, पण स्वस्ताई काही पंपावर आली नाही. एप्रिल २०२३ च्या आधीच्या कित्येक गाड्या वीस टक्क्यांसाठी बनवलेल्याच नाहीत, तरी त्यांच्या मालकांना दुसरं साधं पेट्रोल निवडायची सोय नाही. याबद्दलची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. कायद्याने ते ठीक असेल, पण पैसे गिऱ्हाइकाने मोजायचे आणि निवड सरकारने करायची, हा व्यवहार मला पटत नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे जपान शहाणा आणि आपण वेडे का? मुळीच नाही. जपानने २००३ साली पेट्रोलमध्ये इथेनॉलची मर्यादा तीन टक्के ठेवली, २०१२ पासून योग्य गाड्यांसाठी दहा टक्क्यांना परवानगी दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत दहा टक्के आणि २०४० पासून वीस टक्के मिश्रणाकडे जायचं जाहीर केलं. हे इथेनॉल कुठून येणार? मुख्यतः ब्राझीलचा ऊस आणि अमेरिकेचा मका. म्हणजे पाणी त्यांचं, जमीन त्यांची आणि 'हिरवेपणा' टोकियोचा. हेही दुसऱ्याच्या दारात आपला केर लोटणंच आहे.

केर हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण दुसऱ्याच्या दारात केर लोटण्याचा अर्थ सगळ्या टोकियोत कोणाला कळला असेल, तर तो आपल्या कोतो वॉर्डाला. युमेनोशिमाच्या बागेत आपण मुलांना घेऊन जातो. त्या नावाचा अर्थ स्वप्नांचं बेट. १९५७ ते १९६७ अशी दहा वर्षं तिथे साऱ्या शहराचा कचरा ओतला गेला. १९६५ च्या उन्हाळ्यात माश्यांचे असे थवे उठले, की शेवटी कचऱ्याला आग लावावी लागली. नंतरही कचरा कोतोमधूनच पुढच्या भरावाकडे जात राहिला. दिवसाला पाच हजार गाड्या, वाटभर दुर्गंधी आणि सांडलेलं पाणी. १९७१ साली गव्हर्नर मिनोबे यांनी 'कचऱ्याचं युद्ध' पुकारलं. तिकडे सुगिनामी वॉर्डातले लोक आपल्याकडे कचरा जाळायचा कारखाना नको म्हणून अडून बसले, आणि मे १९७३ मध्ये कोतोच्या लोकांनी सुगिनामीच्या कचऱ्याच्या गाड्या रस्त्यात अडवल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. तुमची सोय तुम्हाला हवी ना, मग तिचा त्रासही तुमच्याच दारात ठेवा. अखेर सुगिनामीत कारखाना झाला. आज युमेनोशिमाच्या काचेच्या घुमटात केळी आणि नारळ वाढतात ते शेजारच्या कचरा-भट्टीच्या उष्णतेवर. तिथे गेलं की मला घरची परसबाग आठवते.

कोतोच्या माणसांचा तोच प्रश्न मला इथेनॉलला विचारायचा आहे. पुण्या-मुंबईच्या गाडीची सोय हवी, तर तिचा त्रास कोणाच्या दारात ठेवला आहे? लातूरच्या रिकाम्या घागरीपाशी. बीडहून कोयता घेऊन सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या पालांपाशी. मराठवाड्याला गाड्या अडवायला रस्ताही नाही, कारण पाणी गाडीतून जाताना दिसत नाही. ते उसातून जातं, मग टँकरमधून जातं, आणि पंपावर पोहोचेपर्यंत त्याचं नाव 'हरित इंधन' झालेलं असतं.

मग करायचं काय? माझ्या मते कसोटी एकच ठेवावी. ताटातलं घेऊ नका, ताटाखाली सांडलेलं घ्या. पीक इंधनासाठी पिकवायचं नाही. पिकातून, घरातून, कारखान्यातून जे उरतं, त्याचं इंधन करायचं. क्योतो शहराने १९९७ साली, जागतिक हवामान परिषद तिथे भरली त्याच सुमारास, टेम्पुराच्या उरलेल्या तेलावर कचऱ्याच्या गाड्या चालवायला सुरुवात केली. आपल्या शेजारच्या सुमिदा वॉर्डातल्या एका छोट्या कंपनीने तर १९९३ सालीच असं इंधन बनवून दाखवलं होतं. भारतातही ही वाट आहे. हरियाणात पानिपतला भाताच्या काडापासून इथेनॉल करणारा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या कंपनीचं आहे. वर्षाला दोन लाख टन काड आणि तीन कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा आराखडा. एरवी ते काड शेतातच पेटवतात आणि धूर दिल्लीच्या नाकात जातो. वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची योजना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्येच आणली आहे. पण हॉटेलांतलं तेच तेल गाळून पुन्हा वड्याच्या गाड्यांवर जाणं काही थांबलेलं नाही. उसाचं म्हणाल तर पाचट आहे, चिपाड आहे, मळीचा गाळ आहे आणि शेवटची मळी आहे. एवढ्यावर जितके टक्के होतील तितके होऊ द्या. दहा झाले तर दहा, पण ते खरे असतील.

हे सगळं मिळूनही देशाच्या सगळ्या गाड्या चालणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. कचरा मर्यादित असतो, आणि उद्या तेलासाठी लोक जास्त तळायला लागले तर तेही हास्यास्पदच. राहिलेल्या गाड्यांसाठी रानातलं ऊन आहे. ढोबळ हिशेब मांडते. एका एकरात चाळीस टन ऊस धरला, तर २,८०० लिटर इथेनॉल, ऊर्जेच्या हिशेबाने साधारण १,८५० लिटर पेट्रोल. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर वर्षाला २८ हजार किलोमीटर. त्याच एकरावर सौरपट्ट्या टाकल्या, तर वर्षाला सुमारे तीन लाख युनिट वीज होते, आणि युनिटला सहा किलोमीटर धरले तरी विजेच्या गाड्या अठरा लाख किलोमीटर धावतात. साठ पटींहून जास्त, आणि तेही पट्ट्या धुण्यापुरत्या पाण्यात! महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी पन्नास हजार भाडं ठरवलेलं आहे. दादाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच म्हणाला, "हे ऐकायला बरं वाटतंय. पण आमच्या गावात कधी येणार ते विचार." त्याचं म्हणणं अगदी रास्त आहे. उसाइतकाच खात्रीचा दुसरा पैसा त्याच्या हातात पडल्याशिवाय त्याने ऊस सोडावा, असं म्हणायचा मला अधिकार नाही.

म्हणून महाप्रसादाच्या रांगेतल्या त्या गृहस्थांना, आणि मान डोलावणाऱ्या सर्वांना, माझं नम्र सांगणं आहे. देशाचा अभिमान जरूर बाळगा, पण टक्के मोजून टाळ्या देऊ नका. वीस टक्के कशाचे, कोणाच्या पाण्याचे, कोणाच्या धान्याचे, ते आधी विचारा. आता तर सत्तावीस आणि तीस टक्क्यांची भाषा सुरू झाली आहे. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असं आपल्या आज्या सांगायच्या. ऊस न पिकवणाऱ्या घरांतही ती म्हण होती.

आणि एक सूचना आपल्या मंडळासाठी. गणपती, दिवाळी, संक्रांत, प्रत्येक कार्यक्रमाला आपण घरोघरी भरपूर तळतो. पुढच्या कार्यक्रमाला येताना प्रत्येक घराने उरलेलं तेल गाळून, थंड करून, बाटलीत भरून आणावं. मंडळाने ते एकत्र करून संकलन केंद्रावर पोहोचवावं. डबे लावणं, बाटल्या मोजणं आणि नेऊन देणं ही जबाबदारी मी घेते. लिटरभर तेलाने जग बदलत नाही, हे मला कळतं. पण त्या लिटरभर तेलासाठी लातूरच्या कोणत्याही घागरीतला एक थेंबही खर्च झालेला नसेल.